फटफटीच्या नाड्या

दसऱ्याच्या दिवशी आपल्याकडे फटफटीचा थाट पाहून घ्यावा! सकाळी अंगणात तिला न्हाऊ घालतात, पुढच्या दिव्याला हळदकुंकू लागते, हँडलवर झेंडूची माळ चढते आणि चाकाखाली लिंबू ठेवून घरातील कर्ता पुरुष ते चिरडीत मोठ्या दिमाखाने रस्त्याला लागतो. एवढे कोडकौतुक करणाऱ्यांपैकी कोणी टाकीखाली वाकून पाहिल्याचे मात्र माझ्या पाहण्यात नाही. वाकून पाहिले, तर तिथे करंगळीएवढ्या जाडीची, जेमतेम वीतभर लांबीची एक काळी रबरी नळी दिसेल. टाकीतले पेट्रोल याच नळीतून कार्ब्युरेटरात उतरते. जुनी गाडी घेताना आपण तिचा रंग पाहतो, टायर दाबतो, लिटरला किती पळते हे दोनदा विचारतो. नळीचे वय कोणी विचारीत नाही. आणि गंमत अशी, की जुन्या गाडीत सर्वांच्या आधी म्हातारी होते ती हीच!

लोखंड बोलते, रबर बोलत नाही

लोखंडाचा स्वभाव मोकळा. त्याला काही दुखले-खुपले, की ते लगेच बोलून दाखवते. साखळी सैल पडली तर खडखडते, ब्रेकचे लायनर झिजले तर चाक किंचाळते, बेअरिंग गेले तर घरघर लागते. रबराचे तसे नाही. एखाद्या सोशिक माणसाप्रमाणे ते वर्षानुवर्षे सारे सोसते आणि एके दिवशी, न सांगता-सवरता, तुटते.

कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होते आणि थंडीत कडक. अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर यांना १८३९ साली गंधकाबरोबर ते तापवण्याची युक्ती सापडली, तेव्हा कुठे ते संसाराच्या उपयोगी पडू लागले. पण झाडाच्या चिकापासून केलेले रबर पेट्रोलमध्ये फुगते, म्हणून पेट्रोलच्या नळीसाठी नायट्राइल नावाचे कृत्रिम रबर वापरतात. तेही काही अमरपट्टा घेऊन आलेले नसते. एंजिनाची धग, ऊन आणि हवेतला ओझोन वायू हे त्याचे बाहेरचे शत्रू. आणि ज्याची ने-आण करायची ते पेट्रोल हाच घरातला शत्रू. रबर लवचिक राहावे म्हणून त्यात जे पदार्थ मिसळलेले असतात, ते पेट्रोल हळूहळू धुऊन नेते. मग नळी वाळल्या शेंगेसारखी ताठ होते, क्लिपेजवळ तिला केसासारख्या चिरा जातात आणि एखाद्या दिवशी त्या चिरेतून पेट्रोल पाझरू लागते.

काही जपानी कंपन्यांच्या पुस्तिकांत ही नळी दर चार वर्षांनी बदलावी असे स्वच्छ छापलेले असते. पण गाडीची पुस्तिका ही आपल्याकडे वाचण्याची वस्तू नव्हे. ती विम्याच्या कागदांबरोबर कपाटात साड्यांखाली जाऊन बसते, ती गाडी विकेपर्यंत!

ताईची अट

ही सारी विद्या मला मिळवावी लागली ती घरातल्याच एका प्रकरणामुळे. वडिलांनी २००६ साली, निवृत्त झाल्यावर, साताऱ्यात एक शंभर सीसीची चार स्ट्रोकची मोटारसायकल घेतली. वडील गेले, गाडी राहिली. पंधरा वर्षे झाल्यावर आरटीओत जाऊन तिच्या नोंदणीचे नूतनीकरणही आम्ही करून घेतले. पुढे माझ्या भाच्याला सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळाला आणि आजोबांची गाडी आपल्याला मिळावी, असा त्याने हट्ट धरला. एमएच ११ ची गाडी एमएच १० च्या मुलुखात जायची, एवढाच काय तो प्रश्न, असे मला वाटत होते. पण ताईने फोनवर ठणकावून सांगितले :

"गाडी बाबांची आहे, मी तिला नको कशी म्हणेन? पण मागच्या खेपेला तू ती घेऊन आलास, तेव्हा दोन दिवस जिन्याखाली पेट्रोलचा वास कोंडला होता. दिवाळीत माझ्या उंबरठ्यावर पणत्या असतात. आधी तो वास घालव, मग गाडी आण."

ताई काही रसायनशास्त्र शिकलेली नाही. पण तिचे बोलणे शास्त्राला अगदी धरून होते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती धुरासारखी वर जात नाही. जमिनीलगत सरपटते, पायरी उतरते, जिन्याखाली किंवा बंद व्हरांड्यात साचून राहते. आणि पणती आपण ठेवतो कुठे? जमिनीवरच! थेंबभर गळती, कोंडलेली जागा आणि एक ज्योत, एवढे जमून यायला किती वेळ लागणार? ज्या गाडीवर वडिलांनी आम्हाला आयुष्यभर सांभाळून नेले-आणले, तिच्यापायी त्यांच्याच नातवाच्या घरात असा धोका उभा राहावा, हे मनाला पटेना.

साताऱ्यात दोघा-तिघांनी सल्ला दिला, "भंगारात घालून टाका, वीस वर्षांची व्हायला आली." पण मिस्त्रीने पिस्टन पाहिला, गिअर पाहिले आणि मान हलवली. लोखंड धडधाकट होते. थकले होते ते फक्त रबर.

उसाचा रस टाकीत

इतकी वर्षे चाललेली नळी आत्ताच का पाझरू लागली? वय हे एक कारण. दुसरे कारण साताऱ्याहून सांगलीला जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे असते! कराड, पेठ नाका, आष्टा, जिकडे पाहावे तिकडे ऊस. शेंद्र्याचा अजिंक्यतारा, रेठऱ्याचा कृष्णा, साखराळ्याचा राजारामबापू, सांगलीचा वसंतदादा, ही कारखान्यांची नावे या भागातील पोरे पाढ्यांसारखी म्हणतात. उसाच्या रसाची साखर होते. उरलेल्या मळीपासून, आणि थेट रसापासूनही, मद्यार्क होतो. त्यातले पाणी काढून टाकले की ते इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळता येते.

या मिश्रणाचा आरंभ पाहायलाही फार दूर जावे लागत नाही. २००१ साली देशात जे पहिले प्रायोगिक प्रकल्प झाले, त्यांत आपली मिरज होती. २००३ सालापासून काही राज्यांत पाच टक्के इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम सुरू झाला. २०२२ साली देशभरातील प्रमाण दहा टक्क्यांवर गेले आणि २०२५ साली वीस टक्क्यांवर पोचले. उसाला गिऱ्हाईक मिळाले, परदेशातून आणायचे तेल काहीसे वाचले. ऊसवाल्या मुलुखाने त्यात आनंद मानावा हे योग्यच आहे.

पण २००६ साली बनलेल्या नळीला हे भविष्य कोणी सांगितले होते? इथेनॉल जुन्या रबरात शिरते, त्याला फुगवते, मऊ करते आणि त्यातील लवचिकपणाचे पदार्थ पेट्रोलपेक्षाही वेगाने काढून घेते. गाडी महिनाभर उभी राहून नळी सुकली, की तीच नळी आकसते आणि चिरते. शिवाय इथेनॉलला पाण्याची भारी ओढ. पावसाळ्यात टाकीचे झाकण नीट बसत नसेल, तर ते हवेतला ओलावा शोषून घेते; पाणी फार झाले तर ते मद्यार्कासह तळाशी बसते आणि टाकीला आतून गंज चढतो. काही जुन्या वाहनांतील रबरी भाग व गॅस्केटे वीस ते तीस हजार किलोमीटरनंतर बदलावी लागतील, आणि हे काम स्वस्तातले व नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होण्याजोगे आहे, असे केंद्राच्या पेट्रोलियम मंत्रालयानेही २०२५ साली सांगितले. तात्पर्य, इंधन बदलले तर नाड्याही बदलल्या पाहिजेत.

वीतभर नळीचे ऑपरेशन

पेट्रोलची नळी आम्ही साताऱ्यातच बदलली. काम अर्ध्या तासाचे. पण त्याला शिस्त हवी. एंजिन पूर्ण गार झालेले असावे. जागा उघडी असावी. बोळात किंवा जिन्याखाली हे काम करू नये. आसपास देवघरातील निरांजनही नको, की शेजारच्या काकांची विडीही नको. बॅटरीची ऋण तार आधी सोडावी. पेट्रोलचा कॉक बंद करावा, खाली पत्र्याचे भांडे ठेवावे आणि कोणती नळी कुठून कुठे जाते याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. नंतरच्या वादावादीत हा फोटो फार उपयोगी पडतो.

जुनी नळी ओढून काढू नये. ती कॉकच्या तोंडाला चिकटलेली असते. ओढाताणीत ते तोंडच मोडायचे. ब्लेडने तिला उभी चीर द्यावी, म्हणजे ती साल सोलल्यासारखी निघते. आमची नळी निघाली तेव्हा भाच्याने ती दोन बोटांत वाकवली. कट्‌कन आवाज झाला आणि तुकडा पडला. "मामा, ही रबर आहे की चकली?" तो म्हणाला. हसू आले खरे. पण त्या चकलीवर आमची गाडी किती दिवस चालत होती, हे मनात आल्यावाचून राहिले नाही.

नवी नळी घेताना एक पथ्य पाळावे. काही ठिकाणी पारदर्शक प्लॅस्टिकची नळी बसवून देतात. क्वचित दवाखान्यातल्या सलाइनचीही! आतले पेट्रोल दिसते म्हणून ती गिऱ्हाइकाला आवडते. पण पाण्याची नळी ती पाण्याचीच. पेट्रोलने ती पिवळी पडून कडक होते आणि एंजिनाच्या धगीने मऊ होऊन निसटते. पेट्रोलसाठीच बनवलेली, आत दोऱ्याचे विणकाम असलेली नळी मागावी; इथेनॉलला टिकणाऱ्या अस्तराची मिळाली तर फारच उत्तम. आतला व्यास जुन्या नळीइतकाच हवा. क्लिपा नव्या घ्याव्यात; तारेचे वेटोळे पिरगळून काम भागवू नये, तार रबर कापते. नळीला कुठे मोड पडू देऊ नये आणि ती सायलेन्सरला टेकू देऊ नये. वाटेत गाळणी असेल तर तिच्यावरचा बाण पेट्रोल वाहते त्या दिशेला हवा. शेवटी कॉक उघडून खाली कोरडा कागद ठेवावा आणि दहा मिनिटे, होय, पुरती दहा मिनिटे, वाट पाहावी. कागद कोरडा राहिला तरच बॅटरी जोडून किल्ली फिरवावी.

धुराची नाडी

पेट्रोलचा वास गेला. पण गाडीचे एक दुखणे उरले होते. यवतेश्वरचा घाट उतरताना मूठ सोडली, की सायलेन्सरमधून फटाके वाजत. पोरांना मौज वाटे. जागेवर उभी असताना एंजिन कधी धापा टाकी, कधी बंद पडे. आणि पीयूसी केंद्रावर नळी आत घालताच यंत्राने तिला नापास केले.

याचे मूळ पुन्हा रबरातच निघाले. २००० सालानंतर धुराचे नियम कडक होत गेले, तसे बऱ्याच चार स्ट्रोक गाड्यांना एंजिनाच्या बाजूला एक छोटी झडप आली. तिची युक्ती मोठी नामी आहे. एंजिनातून धूर सलग येत नाही, ठोक्याठोक्याने येतो. दर ठोक्यामागे धुराच्या वाटेत क्षणभर पोकळी होते. ती पोकळी या झडपेतून गाळलेली स्वच्छ हवा ओढून घेते आणि त्या हवेच्या प्राणवायूवर, धुराच्याच उष्णतेने, न जळलेले पेट्रोल आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू पुष्कळसा जळून जातो. ना मोटार, ना पंप. गाडी आपलाच धूर आपल्याच श्वासाने धुते म्हणा ना! मूठ एकदम सोडली की ही हवा क्षणभर बंद व्हावी, नाहीतर सायलेन्सरात फटाके वाजतात, म्हणून त्या झडपेला काडीसारखी एक बारीक नळी जोडलेली असते. एंजिनाच्या ओढीने ती झडप मिटते.

आमच्या गाडीची ही काडीएवढी नळी उभी चिरली होती. म्हणून उतारावर झडप मिटत नव्हती आणि फटाके वाजत होते. त्याच चिरेतून एंजिनात नको असलेली हवा शिरत होती, म्हणून ते धापा टाकीत होते. आणि त्या धापा थांबाव्यात म्हणून कोण्या एका गॅरेजात कोणीतरी स्क्रू फिरवून पेट्रोलचे प्रमाण वाढवून ठेवले होते, म्हणून धूर नापास झाला होता. एका बारीक नळीने घरभर भांडण लावावे, तसलाच प्रकार!

तिची जोडीदारीण, हवेची वळणदार नळी, हीसुद्धा ताठ झाली होती. ती साताऱ्यात मिळाली नाही. भाच्याने सांगलीत शोधून काढली. तिथल्या मिस्त्रीने गाडी पाहिली आणि अनुभवी माणसाच्या सहजतेने तोडगा सुचवला :

"काका, कशाला खर्चात पडताय? नळी काढून तिथं एक बोल्ट ठोकतो. फटाकं बंद. समदी असंच करत्यात."

तोडगा खोटा नव्हता. बोल्ट ठोकल्यावर फटाके खरेच थांबतात आणि गाडीही पळते. फक्त न जळलेला धूर मागच्या सायकलवाल्या पोराच्या नाकात जातो. मी म्हटले, "मिस्त्री, बोल्ट नको. नळीच घाला, आणि झडपेची काजळीही साफ करा." त्याने हसून पाने काढले. दोन्ही नळ्या बसल्या, झडपेची पातळ पत्री पुसून लागली, कार्ब्युरेटर आणि एंजिन यांच्यामधले रबरी कडे बदलले आणि स्क्रू पुन्हा जागेवर आला. जाता जाता त्याने एंजिनाच्या पोटातील वाफ हवेच्या पेटीत नेणारी ब्रीदरची नळीही काढून दाखवली. ती तेलाच्या गाळाने निम्मी तुंबली होती. ती तुंबली, की एंजिनातला दाब बाहेर पडायला वाट शोधतो आणि तेलाची सीले गळू लागतात. रॉकेलने धुऊन, सुकवून तीही परत बसवली.

मार्च २००० नंतर, पण बीएस-४ च्या आधी बनलेल्या चार स्ट्रोक दुचाकीला जागेवर उभी असताना कार्बन मोनॉक्साइड साडेतीन टक्क्यांच्या आत आणि न जळलेले इंधन दहा लाख भागांत साडेचार हजार भागांच्या आत लागते. आमची गाडी आता दोन्ही परीक्षा सहज उत्तीर्ण झाली. एंजिनाला हातही लावलेला नव्हता! आणि खर्च? चौघांच्या कुटुंबाने सिनेमा पाहून बाहेर जेवून यावे, त्याहूनही कमी.

दुरुस्तीचा वारसा

जुने टिकवण्याची ही बुद्धी आपल्या भागाला नवी नाही. बेळगावात सायकलींचे दुकान चालवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळच्या माळावर नांगरांचा कारखाना थाटला. ती किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात आहे. साताऱ्यात १९७५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सची 'प्रिया' स्कूटर मध्यमवर्गीयांच्या कितीतरी संसारांची साक्षीदार झाली. या मातीतल्या माणसाच्या हाताला पाना कधी जड वाटला नाही. फक्त एक सवय जडली आहे, 'चालतंय तोवर चालवा'. लोखंडाच्या बाबतीत ती एखादे वेळी चालते. रबराच्या बाबतीत चालत नाही. कारण ते चालते तोवर चालते, आणि थांबते तेव्हा खाली पेट्रोल सांडलेले असते.

म्हणून, वाचकहो, एक सोपी गोष्ट करा. पुढची डिस्क ब्रेकची गाडी असेल तर ब्रेकची नळीही या यादीत घ्या; पेट्रोलची फुटली तर आग, ब्रेकची फुटली तर अपघात. भर दिवसा, उजेडात टाकीखाली वाका. नळी बोटाने दाबून पाहा. कडक लागली, फुगलेली वाटली, क्लिपेजवळ चीर दिसली किंवा बोटाला पेट्रोलचा वास आला, तर दुकान उघडेपर्यंत गाडी बाहेर मोकळ्यावर ठेवा, पणत्यांपासून दूर.

आणि नळी बदललीत, की पाडव्याला जमाखर्चाची नवी वही उघडाल, तेव्हा तिच्या पहिल्या पानावर तारीख लिहून ठेवा : "फटफटीच्या नळ्या बदलल्या." चार वर्षांनी तुम्ही विसराल, वही विसरणार नाही.